बसवून पाज

धाकटा भाऊ पोलय्या तिसऱ्यांदा म्हणाला, "कापू दे ती कोंबडी," तेव्हा सिंहाचलमनं सुरी उचलली आणि विहिरीत टाकली.

विहीर वाळूतली, उथळ. सुरी तळाशी पडून चकाकत राहिली.

"आता मासे काय दातांनी साफ करू?" तौडम्मा दारातून ओरडली. तौडम्मा ही पोलय्याची बायको.

"मासे आहेत कुठं?" सिंहाचलम म्हणाली. "समुद्रावरची बंदी उठायला महिना आहे. तोवर नवऱ्याला खरवड. बसून बसून त्याच्यावर शेवाळ आलंय."

कुंपणापलीकडची कन्नम्मा म्हातारी इतकी हसली की तिला ठसका लागला. पोलय्या हसला नाही. तो विहिरीत वाकून सुरीकडं बघत होता.

वस्तू फेकायची सिंहाचलमला सवय होती. एकदा तिनं सुकी मासळी घेणाऱ्या व्यापाऱ्याचं खोटं वजन समुद्रात भिरकावलं होतं. त्याआधी कधीतरी नवऱ्याचा फोटो, काचेसकट. गावात कुणाचं काही हरवलं की लोक म्हणत, सिंहाचलमला काही बोलला होतास का?

कोंबडी तिच्या आईची. म्हणजे पोलय्याच्याही आईची. पाठीवर कवडीसारखे ठिपके होते म्हणून आईनं तिचं नाव गव्वा ठेवलं. गव्वा म्हणजे कवडी. आई गेली तेव्हा ही कोंबडी तीन दिवस तिच्या रिकाम्या खाटेवर बसून होती. त्याला आता वर्ष होत आलं होतं. आईचं वर्षश्राद्ध अकरा दिवसांवर होतं, आणि गव्वाचा घसा बंद झाला होता.

गुरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं चोच उघडून बघितलं होतं. "देवी आहे," तो म्हणाला. "बाहेर तुऱ्यावर येते तशी आत घशात गेलीय. हे वरून लावायला औषध. पोटात द्यायला काही नाही."

"मग मरणार?"

"या रोगानं कोंबडी मरत नाही, अम्मा. उपाशी मरते. गिळता येत नाही ना. दहा-बारा दिवस पोटात काही गेलं तर आपोआप बरी होईल. पण कोण भरवतंय कोंबडीला?"

"मी," सिंहाचलम म्हणाली.

कंपाउंडरनं मान वर केली नाही. त्याला वाटलं, ही गंमत करतेय.

पोलय्याचं म्हणणं सरळ होतं. मरणारच आहे. अंगात मांस आहे तोवर कापू. वर्षाच्या ताटात अम्माच्या पुढं अम्माचीच कोंबडी. यापेक्षा चांगलं काय?

"अम्मा विचारेल, माझं लेकरू मलाच वाढलंस का?"

"अक्का, कोंबडी आहे ती."

"तू नऊ महिने समुद्रात असतोस. तीन महिने घरात. त्या तीन महिन्यांत तुला कायम काहीतरी संपवायचं असतं. मागच्या वर्षी ताडी संपवलीस. या वर्षी कोंबडी."

मग तिनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. वर्षश्राद्धापर्यंत गव्वानं स्वतःहून एक दाणा जरी गिळला, तरी तिला कुणी हात लावायचा नाही. नाही गिळला, तर सुरी मीच विहिरीतून काढून देईन.

"कबूल," पोलय्या म्हणाला. त्याला ते सोपं वाटलं.

*

रोग लवकर कळायला हवा होता. कळला नाही, कारण पांढरं दिसलं.

गव्वा खायची थांबली त्या दिवशी सिंहाचलमनं चोच उघडली होती. आत टाळूला पिवळट पांढरा थर होता. कन्नम्मानं कुंपणावरून डोकावून बघितलं.

"पांढरंच आहे ना? मग काय झालं? माझंही आहे." आणि तिनं आपलं बोळकं उघडून दाखवलं. टाळू चुना लावल्यासारखी पांढरी. "इथं कुणाची नाही? तुझी नाही?"

सिंहाचलमची होती. तिथं सगळ्या बायकांची होती. सगळ्या चुट्टा, म्हणजे तंबाखूच्या पानाची जाड विडी, ओढत, पेटतं टोक तोंडात धरून. किनाऱ्यावर वारा असतो. टोक बाहेर ठेवलं तर दोन झुरक्यांत विझतं. डोक्यावर टोपली, टोपलीला दोन्ही हात. विस्तव आत असला की राख पडत नाही, हात मोकळे राहतात, आणि सासऱ्यासमोर नुसता धूर दिसतो. टाळू पांढरी होते. ती झाली की भाजत नाही, असं म्हणत. नव्या सुनेला सांगत, थांब, पांढरी होऊ दे, मग मजा येईल.

आईची पांढरीच होती. चाळीस वर्षं. म्हणून त्या पांढऱ्यात दुसरं पांढरं कधी उगवलं, ते कुणाला दिसलं नाही. पाणी पिताना नाकातून पाणी आलं, तेव्हा दिसलं. कॅन्सरनं टाळूला भोक पडलं होतं.

म्हणून कन्नम्मा "पांढरंच आहे ना" म्हणाली आणि सिंहाचलमनंही मान हलवली. दोन दिवस वाया गेले. तिसऱ्या दिवशी तिला आठवलं की कोंबडी चुट्टा ओढत नाही. तिला स्वतःचाच इतका राग आला की तिनं ओल्या वाळूत लाथ मारली, आणि अंगठा ठेचला.

*

सोळाव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा दर वर्षी गुजरातेत वेरावळला ट्रॉलरवर जायचा. गावातले निम्मे पुरुष जात. बंदीच्या आधी परत येत. एका वर्षी बाकीचे आले, तो आला नाही. सगळ्यांना वाटलं बुडाला. सिंहाचलमनं बांगड्या फोडल्या. चार महिन्यांनी कळलं की त्यानं तिकडं घर केलंय, बायको केलीय. फोटो फेकला तो तेव्हा. बांगड्या फुकट फोडल्या याचा राग तिला आजही होता.

मूल नव्हतं. टोपली घेऊन ती आईकडं आली. पोलय्या तिच्याहून सात वर्षांनी लहान. त्याला तिनं कडेवर घेऊन वाढवलेलं. आता त्याच्या घरात ती राहत होती, असं तौडम्मा म्हणे. सिंहाचलमच्या मते घर आईचं होतं. सोमवारी ती सुक्या वाकट्यांची टोपली घेऊन बाजाराला जाई. बाकी दिवस वाळवणावर. कावळ्यांना शिव्या देणं हेही तिचंच काम.

आई आजारी पडली तेव्हा कुणी विचारलं नाही की कोण करणार. जिल्ह्याच्या इस्पितळात नाकातून नळी घातली. घरी पाठवताना नर्सनं सिंहाचलमला समोर बसवलं.

"नाचणीची आंबील, पातळ, गाळून. दर तीन तासांनी. आणि बसवून पाज. ऐकतेस? बसवून. पाजल्यावर अर्धा तास तशीच बसू दे. आडवी केलीस की वर येतं आणि छातीत उतरतं. छातीत उतरलं की माणूस बुडतो."

"घरात?"

"घरात. खाटेवर."

समुद्रावर बुडणारे तिनं पाहिले होते. खाटेवर बुडण्याची गोष्ट तिनं घट्ट धरून ठेवली. पाच महिने ती आईला बसवून पाजत राहिली, पाठीला उशी, स्वतःचा गुडघा मागं लावून. एखाद्या सोमवारी बाजाराला गेली तर तौडम्माला, आणि पोलय्या घरी असला की त्यालाही, सांगून जाई. बसवून पाज. दाराबाहेर जाऊन परत येई. बसवून, हं.

मग बंदीतला एक सोमवार. ती बाजारातून उशिरा आली तेव्हा अंगणात माणसं होती. पोलय्या म्हणाला, "पाजलं. झोपली. गेली."

तीन शब्द. तिनं पुढं काही विचारलं नाही. पाच महिन्यांत मी एकदाच उशिरा आले, एवढंच ती वर्षभर स्वतःला ऐकवत राहिली.

*

ट्रंकेत एक नळी उरली होती. पाकीट न फोडलेली. मोठी सिरिंजही होती.

तिनं गव्वाला जुन्या टॉवेलात गुंडाळलं आणि दोन गुडघ्यांत सरळ धरलं. नळी बाहेरूनच चोचीपासून छातीवरच्या चाऱ्याच्या पिशवीपर्यंत मोजली. नर्सनं आईची नाकापासून मोजली होती तशीच. तिथं लाल दोरा बांधला. दोऱ्यापलीकडं ढकलायचं नाही.

पहिल्या वेळी तिनं चोच उघडून आधी नीट बघितलं. कोंबडीच्या जिभेमागं मधोमध एक फट असते, उघडमीट करणारी. ती श्वासाची. तिथं नळी गेली की संपलं. नळी बाजूनं न्यायची, कोंबडीच्या उजव्या हाताला. आपण समोर बसलो की आपल्या डाव्या. सिंहाचलम हे स्वतःशी मोठ्यानं बोलत होती. "तिचा उजवा. माझा डावा. तिचा उजवा."

"कोंबडीला उजवा हात असतो का गं?" कन्नम्मानं विचारलं.

"असतो. तुला डोकं नसतं तसा."

नळी आत सरकली. तिनं दुसऱ्या हातानं मान चाचपली. बोटांना दोन नळ्या लागल्या. एक कड्याकड्यांची, ती श्वासाची. दुसरी गुळगुळीत, सरकणारी, ती हिची. दोन लागल्या म्हणजे बरोबर. एकच लागली तर बाहेर काढ. तिनं आंबील हळूहळू सोडली. छातीवरची पिशवी बोटाखाली कोमट फुगली. गव्वानं डोळे मिटले.

अर्धा तास ती कोंबडीला तशीच उभी धरून बसली. अंगणात पुरुष पत्ते खेळत होते.

"इस्पितळ उघडलं वाटतं."

"माझी शेळी शिंकतेय, वदिना. सलाईन लावाल?" वदिना म्हणजे वहिनी; थोरल्या नणंदेलाही तेच म्हणतात.

"शेळी नको," सिंहाचलम म्हणाली. "तुला लावते. कुठून लावायचं ते मात्र मी ठरवणार."

एक दिवस, दोन दिवस, तीन. तुऱ्यावरच्या खपल्या काळ्या पडल्या. घशातल्या थराला ती कापसानं तपकिरी औषध लावी. ओढून काढायचा नाही, कंपाउंडरनं सांगितलं होतं, रक्त येतं. विष्ठा हिरवी होती ती तपकिरी झाली. सिंहाचलमनं ती तौडम्माला बोलावून दाखवली.

"किती छान आहे बघ."

"जेवते आहे मी, वदिना."

सहाव्या दिवशी थराचा एक तुकडा आपोआप सुटून आला. खाली गुलाबी कातडी होती. पाच दिवस उरले होते. तिला पहिल्यांदा वाटलं, जमेल.

*

सातव्या दिवशी आंबिलीचं भांडं उतरवताना चिंधी घसरली. उजवा तळवा भाजला. सिरिंज दाबता येईना.

पोलय्या ओट्यावर जाळ्याची गाठ सोडवत बसला होता.

"इकडं ये. मी नळी घातलीय. तू फक्त दाब. हळू."

"मला येतं," तो म्हणाला. आला तोही बऱ्या मनानं. मागच्या दोन दिवसांत तोही पिशवीला बोट लावून बघत होता, कुणी नसताना. त्यानं कोंबडी घेतली.

सिंहाचलम भाजलेला हात पाण्यात घालायला वळली. परत फिरली तेव्हा त्यानं गव्वाला मांडीवर उताणी निजवली होती, तान्ह्या बाळासारखी. आणि सिरिंज अर्धी रिकामी होती.

"आडवी नको! बसव तिला!"

"होतं गं. अम्मालाही असंच पाजलं होतं. जरा खोकली, मग शांत झाली."

पत्त्यांचा आवाज थांबला नव्हता. कावळे ओरडत होते. सिंहाचलमला ते सगळं ऐकू येत होतं, आणि त्याच्या तोंडून निघालेलं वाक्यही.

गव्वाच्या चोचीतून आंबील बुडबुड्यांसारखी आली. सिंहाचलमनं झडप घातली, नळी ओढून काढली, कोंबडी उलटी धरली. चोच खाली. नाचणीचं तपकिरी पाणी तिच्या पायांवर ठिबकलं. कोंबडीच्या छातीत घरघर होती. ती घरघर तिला ठाऊक नव्हती. आईच्या छातीत ती वाजली तेव्हा ती घरी नव्हती.

"काय म्हणालास?"

पोलय्याला तेव्हा कळलं आपण काय म्हणालो ते.

"अक्का, तिनंच खूण केली. हातानं. निजव म्हणून. पाठ दुखत होती तिची. अम्मानं सांगितलं ते ऐकायचं नाही का?"

"मी काय सांगितलं होतं?"

त्यानं सिरिंज खाली ठेवली.

"दारातून परत येऊन काय सांगितलं होतं?"

"बसवून."

"मोठ्यानं."

"बसवून पाज."

पत्ते थांबले. तौडम्मा बाहेर आली. सिंहाचलमनं इकडंतिकडं बघितलं. हाताशी फेकायला काही नव्हतं. एका हातात उलटी कोंबडी, दुसरा हात भाजलेला. तिनं त्याच भाजलेल्या हातानं भावाच्या तोंडात मारली. लागलं तिलाच जास्त.

"एक वर्ष," ती म्हणाली. "एक वर्ष मी बाजाराला दोष देतेय. तू रोज माझ्यासमोर जेवतोस. पाजलं, झोपली, गेली. मधलं एक वाक्य गिळलंस, पोलय्या. गिळता येतं तुला. मजेत गिळता येतं."

"मला माहीत नव्हतं की त्यानं..."

"माहीत नव्हतं तर खोकल्याचं का नाही सांगितलंस?"

तो जाळ्याकडं बघत राहिला. तौडम्मा म्हणाली, "वदिना, जाऊ दे ना, ती तशीही..."

"तशीही काय? बोल. तशीही मरणारच होती? कोंबडीसारखी?"

तौडम्मा आत गेली.

*

दोन दिवस ती भावाशी बोलली नाही. डाव्या हातानं, कोपर गुडघ्याला टेकवून पाजत राहिली. अर्धंच पाजायची, घाबरून. घरघर पहिल्या दिवशी होती. दुसऱ्या दिवशी कमी. पोलय्या समोर दिसला की ती कोंबडी घेऊन घरामागं जाई. संध्याकाळी ती उलट्या घातलेल्या होड्यांशी जाऊन बसे. कमरेचा चुट्टा काढून पेटवी. टोक आत घेई. मग बाहेर काढून बघे.

इस्पितळात नर्सनं आईला तपासल्यावर तिलाही म्हटलं होतं, "तूही तोंड उघड बघू." तिनं उघडलं नव्हतं. माझं काय बघायचंय, म्हणाली होती.

उद्या मलाच नळी लागली तर पाजणार कोण, याचा आता ती हिशेब मांडत होती. नवरा वेरावळला. मूल नाही. तौडम्माला विष्ठा बघवत नाही. कन्नम्मा आज आहे, उद्या नाही. उरला कोण?

तिला त्याचाच सगळ्यात जास्त राग आला.

दहाव्या दिवशी सकाळी ती ओट्यावर आली. त्याच्या मांडीवरचं जाळं बाजूला फेकलं.

"बस. मांडी नको. गुडघे वर."

"अक्का, मी नाही. परत काही झालं तर..."

"बस म्हणाले ना. धर. सरळ. मान वर. आता चोच उघड. कुठं घालायची?"

"उजवीकडं."

"कुणाच्या?"

"तिच्या."

"मान चाचप. किती लागल्या?"

त्यानं मान चाचपली. मोठे हात, दोरानं चिरलेले. "दोन," तो म्हणाला. मग पुन्हा, "दोन आहेत, अक्का."

"दाब. हळू. तू जाळं ओढत नाहीयेस."

त्या दिवशी त्यानं चार वेळा पाजलं. प्रत्येक वेळी तिनं तेच प्रश्न विचारले, त्याच आवाजात. मधे एक शब्द जास्तीचा नाही. अर्धा अर्धा तास तो कोंबडी उभी धरून बसला. पत्तेवाल्यांपैकी एकानं शेळीचं काहीतरी काढलं. पोलय्यानं नुसतं वर बघितलं. शेळीवाला उठून गेला.

वर्षश्राद्धाच्या सकाळी गव्वा अंगणात गेली. तौडम्मानं तांदूळ निवडून कण्या टाकल्या होत्या. गव्वानं एक कणी उचलली, टाकली. दुसरी उचलली. मान वर करून झटका दिला. खाली गेली. तिला स्वतःलाच नवल वाटल्यासारखी ती थांबली, मग तिसरी उचलली.

कन्नम्मा ओरडली, "गिळलं! पोरी, गिळलं!"

पोलय्या तोंड फिरवून उभा होता, त्याचे खांदे हलत होते. सिंहाचलमनं ते पाहिलं. जवळ गेली नाही.

ताटात भात, वाकट्यांचं कालवण, द्रोणात ताडी. शेवटी पोलय्यानं रिवाजाप्रमाणं चुट्टा पेटवला आणि ताटाच्या कडेला ठेवला. अम्माला आवडायचा. सिंहाचलमनं तो उचलला, दारातून बाहेर भिरकावला.

"आणखी काय जाळायचं राहिलंय तिचं?"

ताट उचललं गेलं. माणसं गेली. ऊन अजून होतं. ती ओट्यावर बसली, पोलय्याला हाक मारली, आणि उजेडाकडं तोंड करून ते उघडलं.

"बघ."

तो वाकला. बराच वेळ बघत राहिला.

"पांढरं आहे, अक्का."

"सगळ्यांचंच असतं," कुंपणापलीकडून कन्नम्मा म्हणाली.

"नीट बघ."

"मागं, डावीकडं... एक लाल आहे. चिरेसारखं."

"माझ्या डावीकडं की तुझ्या?"

"तुझ्या."

तिनं तोंड मिटलं. पदरानं ओठ पुसले. कमरेचा उरलेला चुट्टा काढला आणि विहिरीत टाकला, सुरीवर.

"या सोमवारी बाजार नाही," ती म्हणाली. "इस्पितळात जायचं. तू येणार आहेस."

"येतो."

"आणि ती नळी उकळून ठेव."